शंका आणि खात्री : डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानलेखनाचा पुनर्विचार

डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुणे येथे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी जे लेखन मराठीत प्रसिद्ध झाले, त्यात ‘विज्ञान सामान्यांपर्यंत पोहोचविणारा शास्त्रज्ञ’ हे वर्णन वारंवार आढळते. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते इतके गुळगुळीत झाले आहे की त्यावरून विचार घसरून जातो. पोहोचविले ते विज्ञान कोणते, ते कोणत्या स्वरूपात पोहोचले आणि पोहोचविताना त्यातले काय मागे राहिले, हे प्रश्न विचारल्याखेरीज विज्ञानलेखकाची समीक्षा होऊ शकत नाही. मराठी समीक्षेने नारळीकरांचा गौरव पुष्कळ केला. त्यांचे वाचन त्या मानाने थोडे केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या शास्त्रीय कारकिर्दीतील एक सूत्र आणि त्यांच्या कथालेखनातील एक सूत्र यांचा परस्परसंबंध तपासण्याचे योजिले आहे. ही दोन सूत्रे नेहमीच जुळत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि जिथे ती जुळतात तिथेच नारळीकरांची कथा साहित्य म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहते.

चरित्राचा तपशील सर्वपरिचित असल्याने थोडक्यात पुरे. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख, आई सुमती या संस्कृतच्या विदुषी. पदवीपर्यंतचे शिक्षण बनारसला झाले आणि १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, १९६० मध्ये टायसन पदक, १९६३ मध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी., १९६७ मध्ये अ‍ॅडम्स पारितोषिक. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्राची स्थापना झाली, तिचे ते संस्थापक संचालक होते व २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. पद्मभूषण १९६५ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी; पद्मविभूषण २००४ मध्ये.

ही यादी आपल्याकडे स्तोत्रासारखी म्हटली जाते. ‘रँग्लर’ या शब्दाविषयी मराठी मध्यमवर्गाला १८९९ पासून, म्हणजे र. पु. परांजपे यांच्या यशापासून, विशेष ओढ आहे. परीक्षेतील पहिला क्रमांक हा आपल्या गौरवबुद्धीला सर्वांत लवकर कळणारा पुरावा. त्यामुळे झाले असे, की केंब्रिजमध्ये नारळीकरांना कोणता क्रमांक मिळाला हे शाळकरी मुलालाही माहीत असते. केंब्रिजमध्ये त्यांनी काय म्हटले हे मात्र सुशिक्षितांनाही सांगता येत नाही.

अल्पमतातील वैज्ञानिक

त्यांनी जे म्हटले ते बहुमताच्या विरुद्ध होते. हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे एकूण रूप बदलत नाही, त्याला प्रारंभ नाही व अंतही नाही, असा त्याचा आशय. नारळीकर संशोधनाला लागले तेव्हाच या सिद्धांतावर पहिला मोठा आघात होत होता. १९६१ च्या आरंभी केंब्रिजमधलेच रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी जाहीर केले, की अंधुक रेडिओ-स्रोतांची संख्या या सिद्धांताच्या अपेक्षेहून फार अधिक आहे. अर्थात विश्व पूर्वी वेगळे होते. स्रोतांचे वितरण मोठ्या प्रमाणावर विषम असेल तर असे दिसू शकते, असा प्रतिवाद हॉइल व त्यांच्या या बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केला. पुढे १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. एखाद्या वस्तूचे जडत्व हे तिच्या एकटीचे नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या संबंधातून उद्भवते, ही माख यांची कल्पना त्याच्या मुळाशी होती. भारतात नारळीकरांचे नाव घराघरांत गेले ते या वेळी.

आणि नेमक्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, पेंझियास व विल्सन यांनी सर्व दिशांकडून सारखेच येणारे सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्याचे प्रसिद्ध केले. महास्फोटाच्या सिद्धांताला तो बळकट आधार ठरला व बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर-स्थितीची वाट सोडली. नारळीकरांनी सोडली नाही. १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती पुढे आणली. तीत विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत असतानाच मध्यंतरी आकुंचन-प्रसरणाची आवर्तने घेते. एक महास्फोट नसून लहान लहान निर्मितिकेंद्रे असतात. आणि पार्श्वभूमीचे प्रारण म्हणजे पूर्वीच्या आवर्तनांतील ताऱ्यांचा प्रकाश, जो लोहाच्या सूक्ष्म सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केला आहे. २००० मध्ये तिघांचा या विषयावरील ग्रंथ आला. हॉइल २००१ मध्ये गेले, बर्बिज २०१० मध्ये. प्रारणातील अतिसूक्ष्म चढउतारांची उपग्रहांनी केलेली मोजणी महास्फोटाच्या प्रतिमानाशी इतकी मेळ खाते, की आज हा पर्याय स्वीकारणारे फार थोडे उरले आहेत.

येथे भावुक होण्याचे कारण नाही. अल्पमतात असणे हे बरोबर असण्याचे लक्षण नव्हे, आणि नारळीकर एकाकी सत्यवीर होते असे चित्र रंगविणे त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. लक्षणीय आहे ती त्यांची मतभेदाची रीत. विश्वरचनाशास्त्रावरील त्यांच्या प्रसिद्ध इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात ज्या प्रतिमानावर त्यांचा विश्वास नव्हता तेच प्रतिमान प्रथम सविस्तर व प्रामाणिकपणे शिकविलेले आहे. आक्षेप आणि पर्याय नंतर येतात. आपल्याला अमान्य असलेला पक्ष त्याच्या समर्थकाइतक्या समर्थपणे मांडणे हा पूर्वपक्षाचा जुना भारतीय शिरस्ता आहे, आणि तो आपल्या विद्यापीठीय लेखनातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

कथेतील वैज्ञानिक

आता प्रश्न असा, की शंकेवर इतका भर देणारा हा वैज्ञानिक कथा लिहू लागला तेव्हा शंकेचे काय झाले?

कथालेखनाचा आरंभ मोठा बोलका आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून हे नाव बनविलेले होते. आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातची. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव झाकून लेखनाची परीक्षा व्हावी, हे तत्त्व आज आपली परीक्षित नियतकालिके मुखपृष्ठावर छापतात. पद्मभूषण मिळालेल्या माणसाने ते एका कथास्पर्धेत आपण होऊन पाळले. पुढे कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची दखल घेतली आणि ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये आला.

या कथांविषयी मराठीत रूढ झालेली प्रतिमा साखरेत घोळलेल्या गोळीची आहे : विज्ञान ही कडू गोळी, कथा ही साखर. ही प्रतिमा प्रस्तुत लेखकाला घातक वाटते. एक तर तिच्यात कथा गौण ठरते. दुसरे, अधिक गंभीर असे, की विज्ञान ही डॉक्टरने द्यावी आणि रोग्याने निमूट गिळावी अशी वस्तू ठरते. गोळीविषयी कोणी वाद घालत नाही. ज्या लेखकाने आपले शास्त्रीय आयुष्य वाद घालण्यात घालविले, त्याच्या साहित्यावर ही प्रतिमा बसावी, यात काही दोष समीक्षेचा आणि काही त्या कथांचाही आहे.

‘धूमकेतू’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कलकत्त्याचे हौशी आकाशनिरीक्षक दत्त आपल्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते. दत्तांना इंग्लंडला बोलावले जाते. तेथे निवडक शास्त्रज्ञांची गुप्त बैठक होते आणि अवकाशात अणुस्फोट घडवून धूमकेतूला मार्गापासून ढळविण्याची योजना आखली जाते. इकडे दत्तांची पत्नी इंद्राणीदेवी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ करते. धूमकेतू टळतो. घरात श्रेय यज्ञाला मिळते आणि विज्ञान व समाज यांतील दरी पाहून दत्त विषण्ण होतात.

कथेचा उपहास इंद्राणीदेवीकडे रोखलेला आहे आणि वाचकही सहज तिला हसतो. पण कथानकाची जुळणी जरा निरखून पाहावी. संकट खरोखर आहे हे तिला कोणी सांगितलेले नाही. सर्व माहिती मूठभर शास्त्रज्ञांच्या हाती आहे. पती जाणतो, पण गुप्ततेने बांधलेला आहे. ज्ञानाचे दार बाहेरून बंद केल्यावर आत अडकलेल्या बाईने देवापुढे धूप जाळला तर त्याचा दोष कोणाचा? ज्या दरीबद्दल दत्त हळहळतात, तिची एक कड कथेतील शास्त्रज्ञांनीच खणलेली आहे. हा अर्थ कथेत आहे, कथाकाराने मात्र तो उचललेला नाही. शास्त्रज्ञांचे गणित चुकले असते तर, त्यांच्यापैकी एखाद्याने वेगळा निष्कर्ष काढला असता तर, असा विचार कथेला शिवत नाही. केंब्रिजमध्ये राइलच्या आकड्यांवर शंका घेणारा लेखक येथे दिसत नाही. नारळीकरांच्या अनेक कथांतील शास्त्रज्ञ असा आहे : सौम्य, सुसंस्कृत, विनोदाची जाण असलेला आणि जवळजवळ नेहमी बरोबर. स्त्रिया बहुधा चहा घेऊन येतात किंवा उपासतापास करतात. मंगला नारळीकर यांच्यासारखी गणिती घरात असलेल्या लेखकाकडून याहून वेगळे काही अपेक्षिणे गैर होणार नाही.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा याच संग्रहातली, पण तिचे सुख वेगळे. मोबियसच्या पट्टीवरून एक फेरी मारली असता डाव्याचे उजवे होते, या भूमितीतल्या गमतीतून क्रिकेटचे मैदान आणि गणपतीची मूर्ती एकत्र येतात. घराघरांतील मराठी वाचकाला गणपतीच्या सोंडेची दिशा किती जिव्हाळ्याची असते हे लेखकाला नेमके ठाऊक आहे, आणि श्रद्धेला न दुखविता तिच्याशी खेळण्याचा त्याचा संयम कौतुकास्पद आहे. ही कथा शिकवीत नाही, चकित करते; म्हणून लक्षात राहते.

परंतु नारळीकरांची सर्वश्रेष्ठ कथा म्हणून निवड करावयाची तर ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हीच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे अध्यक्षीय भाषणांचे शौकीन. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा निकाल वेगळा लागता तर, या विचारात असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते दुसऱ्याच हिंदुस्थानात वावरू लागतात. तेथे कंपनी सरकार अजून मुंबईत टिकून आहे, पण देश तिच्या अंकित नाही. एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून ते आपल्याच इतिहासग्रंथाचे खंड चाळतात आणि त्यांना बदलाचा क्षण सापडतो : विश्वासरावाला लागणारी गोळी चाटून गेली. पुढे आझाद मैदानावरील एका सभेत रिकामी खुर्ची पाहून ते सवयीने व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांना हुसकावून लावतात. कारण त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढली आहे. (साहित्य संमेलनांना नेमाने जाणाऱ्या वाचकाला त्या जगाचा हेवा वाटल्यास नवल नाही.) परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटलेले पान उरते, आणि मित्र राजेंद्र पुंजसिद्धांताच्या आधारे या अनुभवाचा उलगडा करू पाहतो.

ही कथा श्रेष्ठ का? पहिले कारण, येथे चुकणारा माणूस विद्वान आहे. पाच खंड लिहिलेल्या इतिहासकाराची खात्री एका फाटक्या पानाने डळमळते. ‘धूमकेतू’त अज्ञान स्वयंपाकघरात होते, येथे ते व्यासपीठावर आहे. दुसरे, येथे विज्ञान उत्तर देत नाही, प्रश्नाला खोली देते. राजेंद्रचे स्पष्टीकरण हे स्पष्टीकरणच राहते. अणूच्या पातळीवरील अनिश्चितता इतिहासाला लावता येईल का, याचा निर्णय वाचकावर सोडलेला आहे. तिसरे कारण मराठी वाचकापुरते. पानिपत ही आपली जुनी जखम. ती भरून काढण्याचे स्वप्न ऐतिहासिक कादंबरीकाराने रंगविले असते तर त्यात तलवारी खणाणल्या असत्या. नारळीकरांच्या विजयी पेशवाईचे वैशिष्ट्य मात्र असे, की ती युरोपातील तंत्रज्ञानाचे महत्त्व वेळीच ओळखते आणि स्वतःची विज्ञानकेंद्रे काढते. कंपनीचे तज्ज्ञ मदतीला घेते, पण आपली केंद्रे स्वावलंबी होईपर्यंतच. ‘जर-तर’च्या या इतिहासात टाटा संस्थेत परतलेल्या शास्त्रज्ञाचे मनोगत उघड दिसते. विजय पानिपतावर मिळाला तरी तो टिकला प्रयोगशाळेत, हा त्यातला ऐतिहासिक दावा आहे, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याच्याशी खुशाल वाद घालावा.

एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात या कथेचे इंग्रजी रूप समाविष्ट झाले. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती उद्भवली : देशभरातील मुलांनी ती वाचली, पण मराठी विभागांतून तिच्यावर शिकविणे-लिहिणे त्या मानाने फार थोडे झाले. भाषांतरांचीच गोष्ट निघाली म्हणून नोंदवावेसे वाटते, की प्राचीन प्रगत संस्कृतीची कालकुपी आणि तिच्यातून घडलेला यंत्रमानव यांची कादंबरी मराठीत ‘वामन परत न आला’ म्हणते, तर तिच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावात वामनाचे पुनरागमन आहे. दोन भाषांतील वाचकांना दोन उलट आश्वासने देणारी ही शीर्षके एखाद्या प्रबंधिकेला पुरेसा विषय देतील.

कथेबाहेरचा प्रसार

शंकेचे शिक्षण कथेपेक्षा कथेबाहेरच्या कार्यात अधिक स्पष्ट उमटलेले दिसते. मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा नारळीकर त्यांना सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी स्वाक्षरी असेलच. कीर्तीची देवाणघेवाण प्रश्नाच्या मोबदल्यात करणारी ही युक्ती दिसायला किरकोळ आहे. पण तीत प्रसारकाची भूमिका बदललेली आहे. येथे आरंभ विद्यार्थ्याच्या कुतूहलापासून होतो, व्याख्यात्याच्या विषयापासून नव्हे. आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ ‘पुलस्त्य’ नाव दिलेल्या वास्तूत, हीच दृष्टी हाताने करावयाच्या प्रयोगांतून पुढे चालली.

दुसरे उदाहरण फलज्योतिषाच्या परीक्षेचे. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले, त्याला नारळीकरांनी जाहीर विरोध केला. विरोध अनेकांनी केला. नारळीकरांनी पुढे २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळांवरून दोनशे पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पाठवून एवढेच विचारले, की यांतले हुशार कोण ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे दिली. त्यांची सरासरी चाळिसात साडेसतराच्याही खाली राहिली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्याहून कमी. सर्व दोनशे पत्रिका मागवून घेणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली.

या चाचणीचे महत्त्व निष्कर्षात तितकेसे नाही. निष्कर्ष बहुतेकांना अपेक्षितच होता. महत्त्व या गोष्टीत आहे, की ज्योतिषाला ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणविण्याऐवजी त्याला दावा मानले आणि दाव्याला संधी दिली. इंद्राणीदेवीला कथेत जे मिळाले नाही ते ज्योतिषांना येथे मिळाले. वराहमिहिराचा वारसा सांगणाऱ्यांना याहून अधिक सन्मानाने कोणी वागविले असेल असे वाटत नाही. आणि हीच कसोटी त्यांनी स्वतःच्या आवडत्या कल्पनेलाही लावली. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून आली असावीत, हा हॉइल यांचा विचार त्यांना आकर्षक वाटे. त्यासाठी इस्रोच्या साहाय्याने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले. २००५ च्या नमुन्यांतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले; त्यांपैकी एकीला हॉइल यांचे, एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. त्या जाती पृथ्वीबाहेरच्या आहेत असे मात्र यातून सिद्ध होत नाही, हेही तेव्हाच नमूद केले गेले.

‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती नगरे. पुस्तक ऐसपैस आहे, तपशिलांनी भरलेले आहे, संस्था कशी उभी राहते याची दुर्मीळ माहिती देणारे आहे. पण ज्या वैचारिक एकटेपणात लेखकाने चार दशके काढली, त्याची झळ त्यात फारशी लागत नाही. मराठी आत्मचरित्रांच्या परंपरेत हा संयम भूषण मानला जाईल. शास्त्रीय बंडखोराच्या आत्मकथनात तो उणीव वाटतो. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत. अध्यक्षीय खुर्चीविषयी गंगाधरपंतांची कथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा योग यावा, हे त्यांना स्वतःला गमतीचे वाटले असते की नाही, कोण जाणे.

पदवी अभ्यासक्रमात विज्ञानकथा नेमताना आपण बहुधा एकच कथा घेतो आणि तिच्यातील वैज्ञानिक संकल्पना कोणती, एवढाच प्रश्न परीक्षेत विचारतो. त्याऐवजी ‘धूमकेतू’, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि ज्योतिष-चाचणीवरील नारळीकरांचे लेखन ही तिन्ही एकत्र नेमावीत, मराठी व भौतिकशास्त्र या दोन विभागांनी मिळून ती शिकवावीत, आणि इंद्राणीदेवीची बाजू मांडणारे उत्तरही गुणांस पात्र धरावे.